न पडलेली थाप

१

सदानंद मोघे थंडीने मेले, तेव्हा दुबईत जुलै महिना होता. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा असं ऊन, आणि अल कूझमधल्या एका शीतगृहाच्या तीन नंबरच्या खोलीत उणे वीस अंश. सकाळी स्टोअरकीपरने दार उघडलं तेव्हा तिथले क्वालिटी मॅनेजर सदानंद दारापाशी सापडले. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. बायको आणि मुलगा शाळेच्या सुट्टीत पुण्याला गेलेले, त्यामुळे घरी न परतलेल्या माणसाची वाट पाहणारंही कुणी नव्हतं.

त्या दाराला आतून एक दांडा होता. कुणी अडकलंच तर तो ढकलायचा आणि बाहेर यायचं. दांडा जाम होता. पोलिसांनी पाहिलं, इंजिनियरांनी पाहिलं, अपघात म्हणून नोंद झाली. खलास.

दार बनवणारी कंपनी अमेरिकेतली, म्हणून सदानंदांच्या पत्नी सुहासिनी मोघेंचा दावा अमेरिकेतल्या कोर्टात उभा राहिला. तिथे अशा दाव्याचा निकाल न्यायाधीश लावत नाहीत. गावातून बोलावून आणलेली साधी माणसं लावतात, ज्युरी म्हणतात त्यांना. त्या माणसांच्या डोक्यात काय शिजतं हे ओळखण्यात साजिदा परकारची निम्मी हयात गेली होती. मूळची रत्नागिरीकडची, मानसशास्त्र शिकलेली, अमेरिकेत वकिलांच्या हाताखाली घोटून तयार झालेली आणि आता दुबईतल्या करामा भागात स्थायिक झालेली ही बाई वकिलांना एकच गोष्ट शिकवायची. ज्युरी पुरावा लक्षात ठेवत नाही, गोष्ट लक्षात ठेवते. गोष्टीत कुठे भोक राहिलंच, तर स्वतःच्या मनातली माती घालून ते बुजवते, आणि वर शपथेवर सांगते की हे आम्ही कोर्टात ऐकलं.

सुहासिनीचे वकील सुजीत बर्वे यांनी साजिदाला गाठलं. "मॅडम, खरी रंगीत तालीम पुढे तिकडेच होईल. पण साक्षीदार सगळे इथे आहेत. त्यांना एकदा माणसांसमोर उभं करून बघू. कोण पटतंय, कोण नाही."

साजिदा हो म्हणाली. तिला वाटलं, आपण एका दाराचा खटला उभा करतोय.

२

बर दुबई भागात एक सभागृह भाड्याने घेतलं. सात माणसं खोटी ज्युरी म्हणून बसवली. मीना बाजारातले एक कापडवाले शेठ, करामात खाणावळ चालवणाऱ्या मावशी, एक मल्याळी नर्स, बाकी ऑफिसात जाणारे. साजिदा आणि सुजीत शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत होते.

पहिले साक्षीदार मुरलीधर सबनीस. शीतगृहाचे ऑपरेशन्स मॅनेजर, सदानंदांचे कॉलेजपासूनचे मित्र. सदानंद गेल्यापासून मोघ्यांच्या घरचं सगळं तेच बघत होते. व्हिसाची कामं, मुलाची शाळा, गाडीचा इन्शुरन्स. आवाज असा, की ऐकणाऱ्याने खुर्ची पुढे ओढावी.

"मी त्या दिवशी पाचलाच निघालो, दीड तासावरच्या अल ऐनला. एका हॉस्पिटलच्या किचनचं कॉन्ट्रॅक्ट होतं. सदाला भेटलोसुद्धा नाही," मुरलीधर म्हणाले. मग थोडं थांबले, घसा खाकरला. "आता रोज डोळे मिटले की तो दिसतो. क्रेट उलटा टाकून बसलाय. दाराला खांदा लावून. कुणीतरी येईल म्हणून. आणि मी तिकडे जेवत होतो हो. बिर्याणी जेवत होतो."

खाणावळीच्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. शेठ खाली बघू लागले. पडद्यासमोर सुजीतने मूठ आवळली. "याला म्हणतात साक्षीदार!"

दुसरा तहा नाखवा, दार उघडणारा स्टोअरकीपर. हा बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर जिभेवर चिकटून बसायचं. "दा... दारापाशी पडले होते साहेब," एवढं सांगायला त्याला कपाळावरचा घाम दोनदा पुसावा लागला. नजर एकदाही वर आली नाही.

साक्षी संपल्या आणि सातजण चर्चेला बसले. पहिलं तोंड शेठनी उघडलं. "तो पोरगा काहीतरी लपवतोय. डोळे बघितले का त्याचे?"

माना डोलल्या. साजिदा पुटपुटली, "घाबरलेल्या माणसाचे डोळेही खालीच असतात, शेठजी." पण पहिलं बोलणाऱ्याने वाट पाडली की बाकीचे त्याच वाटेने जातात, हेही तिला ठाऊक होतं.

मग मावशी म्हणाल्या, "किती तडफडला असेल हो तो बिचारा! दारावर मुठी आपटून आपटून हात रक्ताळले होते त्याचे."

"हो ना, फोटोत दिसत होतं," कुणीतरी म्हणालं.

"ओरडून आवाज बसला होता म्हणे."

"थंडीत आधी बुद्धी जाती है, फिर हाथ-पैर," नर्स म्हणाली. "जो करायचं ते पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच. नंतर माणूस नुसता झोपतो."

सुजीत हसायला लागला. "मॅडम, रक्ताचं मी कधी बोललो? फोटो तर दाखवलाच नाही!"

"नाही बोललात. त्यांनी भोक बुजवलं," साजिदा म्हणाली. "कोंडलेला माणूस म्हटला की तो दार ठोकणारच. मन नेहमी ओळखीच्या मातीनेच खड्डा भरतं."

सातही जणांनी सुहासिनीच्या बाजूने कौल दिला. सुजीत खुशीत उठला, "यल्ला, जेवायला चला!" साजिदा जागची हलली नाही.

"विरुद्ध बाजूचा वकील हातांचा एक फोटो दाखवेल आणि हा कौल उलटेल. मला फोटो बघू द्या."

सुजीतचं हसू मावळलं. नाइलाजाने त्याने लॅपटॉप उघडला.

सदानंदांचे दोन्ही हात स्वच्छ होते. बोटांच्या पेरांवर ओरखडा नाही, नखं शाबूत, तळहात कोरे. त्या माणसाने दारावर एकदाही थाप मारली नव्हती.

३

"तुम्हाला माहीत होतं," साजिदा म्हणाली.

"माहीत होतं. म्हणूनच हातांचा विषय मी काढत नाही." सुजीतने लॅपटॉप मिटला. "ते म्हणणार, हार्ट अटॅक आला, तो लगेच गेला, दांड्याला हातही लावला नाही. आपण म्हणणार, दांडा जाम होता. बस."

"पोस्टमॉर्टेम काय सांगतं?"

"हृदय ठणठणीत. दोन-तीन तास जिवंत होते."

साजिदा उठून खिडकीशी गेली. खाली खाडीवर अब्रा, त्या लाकडी होड्या, एका काठाहून दुसऱ्या काठाला माणसं नेत होत्या. "आत भोंग्याचं बटण असतं ना? अडकलेल्या माणसाने दाबायचं?"

सुजीत लॅपटॉपची वायर गुंडाळू लागला.

"सुजीत."

"होतं. चालू होतं. सकाळी पोलिसांनी दाबून बघितलं, गेटवरचा वॉचमन धावत आला."

म्हणजे दार ठोकलं नाही, आणि हाताशी असलेला भोंगाही दाबला नाही. माणूस जिवंत होता, शुद्धीवर होता, अंगात साधा शर्ट होता. बुद्धी शाबूत असलेली ती पहिली पंधरा-वीस मिनिटं सदानंदांनी काहीही न करता घालवली होती.

तिला आपली धाकटी बहीण आठवली. लहानपणी विहिरीच्या कठड्याखाली अडकली होती, आणि रडली नव्हती. का नाही रडलीस, असं विचारल्यावर म्हणाली होती, "अब्बा बोलले ना, दोरी घेऊन येतो."

साजिदा खिडकीपासून मागे वळली.

"अडकलेला माणूस गप्प कधी बसतो, सांगा बरं," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी येतंय हे त्याला माहीत असतं तेव्हा. बाहेर कुणीतरी होतं, सुजीत. त्याने सांगितलं, थांबा, आलोच. सदानंदांचा त्याच्यावर विश्वास होता. आणि तो आलाच नाही."

सुजीतने खोलीचं दार लावून घेतलं. मग अगदी शांतपणे बोलला. "मॅडम, तुमचं-माझं काम पटवण्याचं आहे, शोधण्याचं नाही. हा खून निघाला, तर दार बनवणारे हात झटकून मोकळे. त्या बाईचा दावा आपणच बुडवायचा का?"

साजिदाने पर्स उचलली. "तुमच्या साक्षीदारांची तयारी करून घ्यायची आहे ना? मी एकेकाला भेटते. आता फक्त ऐकायला भेटणार आहे."

४

शुभ्रा सदानंदांच्या हाताखाली काम करायची. पुण्याची, नवऱ्याबरोबर इथे आलेली. करामातल्या एका उडुपी हॉटेलात ती साजिदासमोर बसली, आणि कॉफी येण्याआधीच तिचे डोळे भरले.

साजिदाने तिला सगळी घटना सदानंद आत शिरेपर्यंत सांगितली आणि थांबली. "पुढचं तुमच्या मनाने सांगा. तुम्हाला काय दिसतं?"

"काय दिसणार? दार ठोकत असतील, मॅम. हाका मारत असतील. मी तर कानावर उशी घेऊन झोपते हल्ली."

हिच्या मनातही भोक होतं आणि ते त्याच मातीने बुजलं होतं. साजिदाला बरं वाटलं. आत काय झालं हे या मुलीला ठाऊक नव्हतं.

"त्या दिवशी सर कसे होते?"

शुभ्रा चमचा फिरवत राहिली. "अपसेट होते. एक्स्पायरी गेलेल्या चिकनच्या खोक्यांवर कुणीतरी नवी तारीख चिकटवतंय, असा डाउट होता त्यांना. मला म्हणाले, शुभ्रा, लेबल प्रिंटरची किल्ली कोणाकडे असते? मी म्हटलं, एक मुरलीधर सरांकडे, एक तहाकडे. त्यावर कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'रिपोर्ट करण्याआधी माणसाला एक संधी द्यायला हवी.'"

"कुणाला?"

"नाव नाही घेतलं. संध्याकाळी स्वतः तीन नंबरमध्ये जाऊन खोकी बघतो म्हणाले." शुभ्राने आवाज खाली आणला. "आणि मॅम, दांडा दुरुस्त करून घ्यायचं काम तहाचं होतं. सगळ्यांना माहितेय ते."

तहा तिला सुट्टीच्या दिवशी, दुपार कलल्यावरच्या अस्राच्या नमाजानंतर, अब्राच्या धक्क्यावर भेटला. कोकणातली, आपल्याकडची बाई म्हणून तो "आपा" म्हणाला खरा, पण चार हात लांबच बसला. साजिदाने प्रश्न विचारलाच नाही. दोघांसाठी करक, म्हणजे कडक दुधाळ चहा घेतला आणि ती पाण्याकडे बघत बसली. गप्प बसणं हे तिच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. वकिलांना ते कधीच जमत नाही.

दोन अब्रा भरून गेल्या. मग तहा आपणच बोलला.

"दा... दांड्याचं मी सांगितलं होतं, आपा. दोन वेळा. मुरलीधर सर बोलले, माणूस बोलावलाय, इन्शाल्ला होईल. माझी चूक आहे. मीच तो घासून चालू करायला पाहिजे होता."

"त्या संध्याकाळी तू कुठे होतास?"

"ले... लेबरच्या बसमध्ये. आम्ही सगळे एकदम सुटतो. चाळीस लोक होते."

"आणि सकाळी दार उघडलंस, तेव्हा ते पडलेले होते."

तहाचा चहा हातात तसाच राहिला. ओठ हलले, अक्षर अडकलं. साजिदाने त्याच्या तोंडी शब्द घातला नाही, नुसती थांबून राहिली.

"प... पडलेले नव्हते," तो शेवटी म्हणाला. "मी दार ओढलं म्हणून पडले. ते ब... बसलेले होते, आपा. क्रेट उलटा टाकून. दाराला खांदा लावून. टेकलेले होते, म्हणून दाराबरोबर माझ्या अंगावर आले. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी क्रेट लाथेने बाजूला सारला. पोलिसांनी विचारलं, कुठे होते? मी बोललो, दारापाशी. वकीलसाहेबांना पुरं सांगायला गेलो, तर ते बोलले, तू अडकतोस, एवढंच बोल, दारापाशी पडले होते."

"हे अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. अ... अम्मीला पण नाही."

साजिदाने हातातला चहा खाली ठेवला. उलटा क्रेट. दाराला लावलेला खांदा. हे शब्द तिने आधी ऐकले होते, आणि तहाच्या तोंडून नव्हे.

५

"पुन्हा लावा," साजिदा म्हणाली.

सुजीतने तालमीचं रेकॉर्डिंग मागे नेलं. पडद्यावर मुरलीधर घसा खाकरले. "...क्रेट उलटा टाकून बसलाय. दाराला खांदा लावून. कुणीतरी येईल म्हणून."

सुजीतने थांबवलं.

"सात माणसांनी हे वाक्य ऐकलं," साजिदा म्हणाली. "रडली ऐकताना. आणि दहा मिनिटांत विसरून त्या जागी रक्ताळलेल्या मुठी बसवल्या. मीही ऐकलं. तुम्हीही. गोष्ट इतकी सुंदर होती की त्यातला पुरावा कुणाला टोचलाच नाही."

"मित्र आहे. कल्पना केली असेल."

"कल्पनेतला कोंडलेला माणूस दार ठोकतो. शुभ्राचा ठोकतो, मावशींचा ठोकतो, तुमचा-माझाही ठोकतो. शांत बसलेला माणूस कुणाच्या कल्पनेत येत नाही, कारण तसं घडतच नाही. दोघांच्याच तोंडी तो बसलेला आहे. तहाने डोळ्यांनी पाहिला. त्याने कुणाला सांगितलं नाही, तुम्हालासुद्धा नाही, कारण तुम्ही सांगू दिलं नाहीत."

सुजीतने मान खाली घातली.

"मग मुरलीधरांना कुठून कळलं? ते खोलीत शिरले नाहीत, पाहिलं नाही. म्हणजे ऐकलं. दाराच्या आतून सदानंदांनीच त्यांना सांगितलं, क्रेट टाकून, दाराला टेकून बसतो इथे."

"पण ते अल ऐनला होते! माझ्याकडे त्या हॉस्पिटलवाल्यांचा जबाब आहे."

"होते ना. सदानंद मेले तेव्हा ते अल ऐनलाच होते, त्याबद्दल वाद नाही. मरायला दोन-तीन तास लागले, सुजीत. मारायला एक वाक्य लागलं. पाचला निघालो हा मात्र फक्त त्यांचा शब्द आहे. अपघात ठरल्यावर तो कुणी तपासला?"

"आणि तहा? किल्ली त्याच्याकडेही होती."

"तहा चाळीस माणसांबरोबर बसमध्ये होता. शिवाय बाहेर तोच असता, तर सदानंद बसलेले होते हे त्याने मला कशाला सांगावं? ते कळल्यावरच तर बाहेर कुणीतरी होतं हे पक्कं झालं." साजिदाने डोळे मिटून घेतले. "संधी द्यायला हवी, असं आपण कुणाबद्दल म्हणतो? हाताखालच्या पोराबद्दल नाही म्हणत. मित्राबद्दल म्हणतो."

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. सुजीतने उठून खिडकी लावली.

"हे पोलिसांना पुरेल?" सुजीतने विचारलं.

"चौकशी पुन्हा सुरू करायला पुरेल. पण आधी सुहासिनीताईंना सांगायला हवं. नुकसान त्यांचं होणार आहे. ठरवायचं त्यांनी."

६

सुहासिनीचं घर करामातल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. साजिदा बोलत असताना ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मध्ये एकदाही तिने थांबवलं नाही. दावा जाऊ शकतो हे सुजीतने सांगितलं, तेव्हाही तिची मान हलली नाही.

"त्या दिवशी मला पुण्याला फोन कुणी केला, माहितेय?" शेवटी ती म्हणाली. "मुरलीभावजींनी. माझ्या आधी तेच रडले. मीच त्यांना धीर दिला."

तेवढ्यात बेल वाजली. आतल्या खोलीतून तिच्या मुलाचा, रेयांशचा आवाज आला, "ममा, अंकल इज हिअर! टेनिस!"

साजिदाने तिचा हात धरला. "आत्ता काही बोलू नका. प्लीज. पोलिसांना बोलू द्या."

सुहासिनीने हात सोडवून घेतला आणि दार उघडलं. मुरलीधर हसत आत आले. एका हातात आंब्यांची पेटी, दुसऱ्या हातात रॅकेटची बॅग. वकील आणि साजिदाला बघून आणखीच खूश झाले. "अरे वा, अख्खी टीम! काय, जिंकतोय ना आपण?"

"रेयांश, आत बस. दार लावून घे," सुहासिनी म्हणाली. मग तिने मुरलीधरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समोर बसली.

"भावजी, दार बंद झाल्यावर ते तुम्हाला काय म्हणाले?"

मोठे मोठे वकील असा प्रश्न विचारायला वर्षानुवर्षं शिकतात. 'तुम्ही तिथे होतात का' असं या बाईने विचारलंच नव्हतं.

मुरलीधरांनी ग्लास ओठांपासून खाली आणला. "वहिनी, काय बोलताय? मी तर अल ऐनला..."

"ते नंतर. त्याच्या आधी."

त्यांनी सुजीतकडे पाहिलं. सुजीत त्यांच्याकडे पाहत नव्हता. मग साजिदाकडे. तिला बोलावंच लागलं. "तुम्ही तालमीत सांगितलंत की ते उलट्या क्रेटवर बसले होते. दाराला खांदा लावून. खरंच तसेच बसले होते. तहाने हे माझ्याआधी एका जिवाला सांगितलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मुरलीधर हसण्याचा प्रयत्न करू लागले. तोंड उघडलं. त्या आवाजाला आजवर कधी शब्द कमी पडले नव्हते, पण आत्ता एकही आला नाही. पेटीतल्या आंब्यांचा वास खोलीभर पसरला होता.

"ते काय म्हणाले, भावजी?" सुहासिनीने पुन्हा विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"म्हणाला, सावकाश आण. क्रेट उलटा टाकून, दाराला खांदा लावून बसतो इथे," मुरलीधर म्हणाले.

सुजीतने पेन उघडलं आणि तो लिहून घेऊ लागला.

"दुपारी मला म्हणाला होता, मुरली, तारखा तूच बदलतोयस ना, उद्या सकाळपर्यंत स्वतः मॅनेजमेंटला सांग. मित्र म्हणून सांगतोय. मी निघताना सहज तीन नंबरपाशी गेलो, समजूत घालायला. तर आतून त्याची हाक. दांडा लागत नाहीये, बाहेरून ओढ. मी हँडलला हात लावला, वहिनी. देवाशपथ लावला. आणि काय झालं मला... मी म्हणालो, बाहेरचंही अडकलंय, पहार घेऊन येतो."

"आणि भोंगा?" साजिदाने विचारलं.

मुरलीधरांनी चेहरा तळहातांत घातला. "तो म्हणाला, भोंगा दाबू का? मी म्हणालो, नको. भोंगा वाजला तर चौकशी होईल, दांडा तहाच्या जबाबदारीतला, गरीब पोराची नोकरी जाईल. लगेच म्हणाला, हो हो, नको मग." ते थांबले. "पहार मागच्या बाजूला होती. मी तिकडेच निघालो होतो. पार्किंगही त्याच बाजूला आहे. गाडीत बसलो. वाटलं, पाच मिनिटं घाबरू दे थोडा. मग गाडी सुरू केली. मग हायवे लागला."

सुहासिनी उठली. साजिदाला वाटलं, ही आता ओरडेल, मारेल. तिने फक्त त्यांच्यासमोरचा ग्लास उचलला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर आली तेव्हा मुरलीधरांना त्यांचा आवाज सापडला होता. तोच, खुर्ची पुढे ओढायला लावणारा.

"वहिनी, ऐका. सदा काही परत येणार नाही. पण दावा आहे, रेयांशचं शिक्षण आहे. हे बाहेर गेलं तर तुमच्या हाताला काय लागेल? मी जन्मभर तुमच्या दारात राबेन. त्या पोराकडे बघा..."

"एक शब्द बोलू नका," सुहासिनी म्हणाली. "यापुढे या घरात तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." मग सुजीतकडे वळली. "पोलिसांना फोन तुम्ही करता, की मी करू?"

सुजीतने केला. पोलीस येईपर्यंत चौघंही तिथेच बसून होते. आतून रेयांशने एकदा हाक मारली, "ममा, आर वुई गोइंग ऑर नॉट?" सुहासिनी उठून त्याच्याजवळ गेली, आणि दार लावलं गेलं. त्यानंतर आतून फक्त तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

खटला इथल्याच कोर्टात चालला. इथे ज्युरी नसते. समोर तीन न्यायाधीश आणि कामकाज अरबीत. मुरलीधरांनी कबुली फिरवली. धक्क्यात काहीबाही बोललो, म्हणाले. साजिदा मागच्या बाकावर बसून ऐकत होती. ते उभे राहून बोलले ते अप्रतिम बोलले. कुठे थांबायचं, कुठे आवाज ओला करायचा, सगळं जागच्या जागी. दुभाष्या कागदावर डोळे ठेवून एका सुरात त्याचं अरबी करत गेला, बँकेतला क्लार्क आकडे वाचून दाखवतो तसं. तो ओलावा, ते थांबणं, काहीच पलीकडे पोचलं नाही. पोचले फक्त तपशील, कोण कुठे होतं, कुणी काय म्हटलं, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते.

मग तहाला बोलावलं. तो पुढे आला, कठडा धरला, आणि पहिलंच अक्षर अडकलं. सुहासिनीने साजिदाचा हात घट्ट धरला. न्यायाधीश वाट बघत राहिले, दुभाष्याही. कपाळ पुसत, पुन्हा पुन्हा माघारी येत, तहाने वाक्य कसंबसं पुरं केलं आणि मान खाली घातली.

दुभाष्याने पेन खाली ठेवलं आणि ते वाक्य एका दमात, स्वच्छ अरबीत सांगितलं: ते बसलेले होते, आणि कुणाची तरी वाट बघत होते.